रुग्णाला त्याचा आजार सांगा

महोदय,

कालच्या पुरवणीत मृत्युशय्येवरील माणसांच्या खंतींवर आलेला लेख वाचला आणि राहवले नाही. ऑस्ट्रेलियात अंतकाळच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईंनी ऐकलेल्या खंती त्यात दिल्या आहेत: इतके राबायला नको होते, मनातले बोलायला हवे होते, मित्र तुटू द्यायला नको होते. त्या खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु आपण चाललो आहोत हे माणसाला वेळेत कळले, तरच त्याला त्यांतले काही निस्तरता येते, आणि आपल्याकडे नेमके तेच त्याच्यापासून लपवले जाते. लेखात याविषयी एक ओळही नसावी, याचा मला राग आला.

माझ्या थोरल्या भावाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मुलांना बाहेर बोलावून निदान सांगितले आणि अण्णांना मात्र ‘गाठ आहे, औषधाने विरघळेल’ एवढेच सांगण्यात आले. फाईल लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली गेली. त्यांना खरे सांगा, असे मी म्हणत होते, तर बाईमाणसाने यात पडू नये म्हणून मला गप्प बसवले. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा घशाखाली उतरेनाशी झाली, तरी अण्णा मृगाच्या पेरणीसाठी सोयाबीनचे बियाणे निवडून ठेवायला सांगत होते. १९७२ च्या दुष्काळात शाळा सोडून खडी फोडायला गेलेल्या या माणसाने आपण फार राबलो, अशी तक्रार कधीच केली नाही. अखेरीस त्यांचे त्यांनाच उमगले, तेव्हा ते मला म्हणाले, “आधी सांगितलं असतंत, तर उदगीरला जाऊन आलो असतो.” उदगीरला बोर्डिंगातले त्यांचे मित्र राहत; एका व्यवहारावरून दोघांचे बोलणे तुटले होते. ते मित्र दहाव्याला आले.

आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करून दंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करण्याची मुभा दिली. पण ज्याला आपला आजारच ठाऊक नाही, तो नोटरीकडे कशाला जाईल?

वेदनांचेही तसेच. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन रुग्णांसाठी मॉर्फिन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक मिळण्याची वाट मोकळी झाली, असे सांगतात. आमच्या तालुक्याच्या गावी अण्णांसाठी ती गोळी कोणत्याही औषध दुकानात मिळाली नाही, आणि रात्र रात्र कण्हणाऱ्या माणसाला मनातले बोलायचे त्राण उरत नाही.

तेव्हा विनंती अशी की, रुग्णाला निदान कोणी आणि कसे सांगावे, मॉर्फिन कोणाच्या चिठ्ठीवर व कुठे मिळते, याविषयी मराठवाड्यातील डॉक्टरांकडून लिहवून घ्यावे आणि ते पुरवणीत न टाकता जिल्हा पानावर छापावे; पुरवणी आमच्या खेड्यापर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, ता. औसा, जि. लातूर