घोडबंदरच्या भूजलासाठी स्थानिक मंडळ हवे

महोदय,

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात खिळ्याला नायलॉनच्या दोरीचे एक भेंडोळे टांगलेले असते. दर 10 फुटांवर गाठ आणि टोकाला लोखंडी नट अशी ही दोरी आमचे प्लंबर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पंप बंद करून, बोअरमध्ये सोडतात. वर ओढल्यावर ओला भाग कुठून सुरू होतो ते पाहतात आणि सचिव या नात्याने तो आकडा मी वहीत लिहितो. गेल्या ऑक्टोबरात पाणी 28 फुटांवर होते, मेअखेरीस ते 130 फुटांच्याही खाली गेले. याच काळात शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खोदकाम चालू होते आणि खड्ड्यात लागलेले पाणी मोटर लावून रात्रंदिवस गटारात सोडले जात होते. गटार तुंबले की ते रस्त्यावर येई, आणि आमच्याकडे येणारा टँकर त्याच पाण्यातून चाके भिजवत फाटकात शिरे. त्या उपशामुळेच आमची बोअर आटली असे मी म्हणत नाही, कारण ते सिद्ध करायला माझ्याकडे दोरीपलीकडे काही नाही. त्या खड्ड्यातून किती पाणी उपसले गेले याची नोंद कोणाकडे आहे का, अशी चौकशी मी तीन ठिकाणी केली आणि तिन्ही ठिकाणी मला चौथीकडे जाण्याचा सल्ला मिळाला.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडीपासून गायमुखापर्यंतच्या पट्ट्यात आज असंख्य बोअर आहेत, परंतु त्या सर्वांचा मिळून हिशेब ठेवणारे कोणी नाही. महापालिका नळाच्या पाण्याचा विचार करते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तो उपयुक्त उद्योग आहे, पण एका रस्त्यावरच्या 20 सोसायट्या आणि चार खोदकामे यांच्यातील भांडण त्यातून सुटत नाही. कायद्याची स्थितीही विचित्र आहे. 1882 च्या सुविधाधिकार अधिनियमापासून आपल्याकडे जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क मानला गेला आहे, जणू पाणी सातबाऱ्याची हद्द पाहून थांबते. त्याला आवर घालण्यासाठी राज्याने महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियम, 2009 केला. तो 2014 साली अमलात आला, आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी आली. विहिरींची नोंदणी, बोअर मारणाऱ्या गाड्यांच्या मालकांची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणि त्या क्षेत्रासाठी पाणलोट जलसंपत्ती समिती, हे सारे त्यात लिहिलेले आहे. मात्र समितीचा रस्ता क्षेत्र अधिसूचित होण्यावरून जातो आणि हा विचार बहुतेक वेळा शेतीप्रधान तालुक्यांना डोळ्यांसमोर ठेवून केला जातो. कोकणात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे कसली टंचाई, असे मंत्रालयात कोणाला वाटले तर नवल नाही.

पाऊस पडतो हे खरे. तो जमिनीत राहत नाही, ही अडचण आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमाड, कुजलेल्या थरात आणि त्याखालच्या खडकाच्या भेगांत, सांध्यांत. एकसंध पाषाणात ते जवळजवळ नसतेच. म्हणूनच एका बोअरला 150 फुटांवर भरपूर पाणी लागते आणि 50 पावलांवरची दुसरी 400 फूट जाऊनही कोरडी निघते. (तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवणारे पाणाडे अजूनही येतात, आमच्याकडे आले होते, आणि त्यांनी दाखवलेल्या जागेचे पैसेही आम्ही मोजले आहेत.) येऊरच्या उतारावरून आलेले पाणी पूर्वी ओढ्यात, भातखाचरात आणि गावविहिरींत थोडे थांबत असे. आता ते पेव्हर ब्लॉकवरून थेट नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. खाडीच्या बाजूला उपसा वाढला की खारे पाणी आत सरकण्याचा धोका वेगळाच. शिवाय याच डोंगराखालून ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम होत आहे. त्याचा झऱ्यांवर परिणाम होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण आज सगळ्या परिसराची पातळी मोजून ठेवली नाही तर उद्या ते कोणालाच सांगता येणार नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्याचे उदाहरण इथे थोडे कामाचे आहे. तिथेही 1904 सालच्या न्यायालयीन निर्णयाने जमीनमालकाला वाटेल तेवढे पाणी उपसण्याची मुभा दिली होती. तो नियम मोडीत न काढता 1949 साली तिथल्या विधिमंडळाने स्थानिक भूजल संवर्धन मंडळांची वाट मोकळी केली. अशा मंडळांचे संचालक बहुतांशी त्या भागातील मतदार निवडून देतात. मंडळ विहिरींची नोंद ठेवते, परवाने देते, दोन विहिरींत अंतर किती असावे हे ठरवते. ह्यूस्टनच्या परिसरात अतिउपशाने जमीनच खचू लागली तेव्हा 1975 मध्ये उपशावर नियंत्रण ठेवणारे खास मंडळ स्थापन करावे लागले. तिथे सारे आलबेल आहे असे नाही आणि त्यांची भूरचनाही निराळी आहे. पण आपल्या खडकातले पाणी तुकड्या-तुकड्यांत साठलेले असल्यामुळे स्थानिक मंडळाची गरज उलट आपल्याकडे अधिक आहे आणि त्याचा आवाकाही लहान राहू शकतो.

म्हणून माझी सूचना अशी की, येऊरच्या डोंगरधारेपासून खाडीपर्यंतचा पट्टा, प्रभागांच्या हद्दी बाजूला ठेवून, एक भूजल क्षेत्र मानावा आणि 2009 च्या अधिनियमाच्या चौकटीत त्यासाठी मंडळ नेमावे. त्यात भूजल यंत्रणेचे भूवैज्ञानिक आणि महापालिकेचे अभियंते असावेतच, पण सोसायट्या, गावठाणे आणि येऊरचे पाडे यांचे प्रतिनिधीही असावेत, कारण जुन्या विहिरी कुठे होत्या आणि कोणत्या बुजवल्या गेल्या हे त्यांनाच ठाऊक आहे. प्रत्येक बोअरला मीटर बसवणे हे या मंडळाचे पहिले काम असावे. दुसरे काम तळघरांच्या उपशाचे, आणि माझ्या मते ते सर्वांत निकडीचे आहे. खोदकामाला परवानगी देताना किती पाणी निघेल याचा अंदाज घ्यावा, प्रत्यक्ष उपसा मोजावा आणि ते पाणी गटाराऐवजी टाकीत, बागेत, बांधकामात किंवा गाळून पुन्हा जमिनीत जाईल अशी सक्ती करावी. पर्जन्यजल संचयनाची तपासणीही याच मंडळाने करावी. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर ते बंधनकारक आहे, परंतु भोगवटा प्रमाणपत्रापुरता खणलेला शोषखड्डा दोन वर्षांत कचऱ्याने भरतो आणि तिसऱ्या वर्षी त्यावर मोटार उभी राहते.

आणखी एक कार्यालय, आणखी एक शिक्का आणि आणखी एक हेलपाटा, हा आक्षेप मला मान्य आहे. गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून हेलपाट्यांचा अनुभव मला कमी नाही. तरीही आज जे चालले आहे त्यात ज्याची बोअर खोल त्याला पाणी मिळते. आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. तीन वर्षांपूर्वी आमची जुनी बोअर आटली तेव्हा आम्ही ती आणखी 100 फूट खोल करून घेतली आणि पाणी लागल्यावर पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात मागच्या गल्लीतील बैठ्या चाळीच्या विहिरीवर बाया कळशी तिरपी करून तळाचे पाणी भरताना दिसल्या. त्या चाळीचे लोक कुठे तक्रार करणार होते, आणि आम्हाला कोणी नोटीस धाडणार होते?

आमच्या सर्वसाधारण सभेने बोअरला मीटर बसवण्याचा ठराव केला आहे, आणि पाच वर्षांच्या नोंदींची वही मागेल त्या यंत्रणेला द्यायला आम्ही तयार आहोत. भूजल यंत्रणेने येत्या पावसाळ्यानंतर या पट्ट्यातील विहिरी आणि बोअर मोजायला सुरुवात करावी आणि महापालिकेने तोवर तळघरांच्या उपशाची निदान नोंद ठेवावी, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव,
वाघबीळ, ठाणे (पश्चिम)