लुकास आलामान यांना खुले पत्र

मा. लुकास आलामान,
परराष्ट्र व अंतर्गत व्यवहार मंत्री, मेक्सिको

स. न. वि. वि.

६ एप्रिल १८३० चा कायदा तुमचा. अमेरिकेतून येऊन टेक्सासमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोच्याच एका भागात, कोणी नव्याने वस्ती करू नये, असे त्याच्या ११व्या कलमात लिहिलेत. भीती रास्त होती. सीमेच्या पाहणीसाठी पाठवलेले जनरल मिएर इ तेरान १८२८ मध्ये पूर्व टेक्सासातील नाकोदोचेसपर्यंत फिरून आले होते. तिथे मेक्सिकन माणूस दहात एकही सापडेना.

पण या पाहुण्यांना बोलावले कोणी? कोआविला-टेक्सास या तुमच्याच राज्याच्या १८२५ च्या कायद्याने गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला ४,४२८ एकर जमीन मिळे, तीही नाममात्र शुल्कात. कॅथलिक होण्याची अट होती, पण बाप्तिस्मा द्यायला पाद्रीच नव्हते! सात वर्षांच्या जकातमाफीची त्यांना सवय झाली, मग टेक्सासच्या आनावाक बंदरात जकातनाका बसताच १८३२ मध्ये बंदुका निघाल्या. आणि तुमच्या बंदीने अडले ते कायद्याने येणारे. सीमेवरची साबीन नदी चोरून ओलांडणाऱ्याला कलम कोण वाचून दाखवणार?

पुढे राष्ट्राध्यक्ष सांता आन्नांनी राज्यांना अधिकार देणारी १८२४ ची राज्यघटना गुंडाळली, १८३५ मध्ये विरोध करणारे साकातेकास राज्य चिरडले. तुम्हालाही केंद्राची सत्ता बळकटच हवी होती, म्हणून स्पष्ट सांगतो: या धोरणाने हुआन सेगिन, लोरेन्सो दे साबाला यांच्यासारखे तुमचेच मेक्सिकन लोक टेक्सासच्या बंडखोरांना जाऊन मिळाले. भांडण निव्वळ गोऱ्या परक्यांचे असते, तर हे घडते ना.

खरी गाठ मात्र गुलामगिरीची होती, आणि ती सोडवायला कोणीच धजावत नव्हते. वसाहतवाल्यांना कापूस पिकवायचा होता, तो गुलामांच्या घामावर. कोआविला-टेक्सास राज्याने १८२७ मध्ये नवे गुलाम आणायला मनाई केली, तर मजुरीच्या कराराला मान्यता देऊन पुढच्याच वर्षी पळवाटही दिली. माणूस तोच, मालक तोच. कागदावर ९९ वर्षांचा ‘करार’. १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष गेरेरो यांनी गुलामगिरी संपवली आणि अडीच-तीन महिन्यांत टेक्सासला सूट दिली. तुमच्या १८३० च्या कायद्याच्या १०व्या कलमानेही नवे गुलाम आणू नका म्हटले, पण आधीपासून असलेल्यांच्या स्थितीत बदल होणार नाही, अशी हमी दिली. ती कोणासाठी होती?

बंडवाल्यांनी मात्र आडपडदा ठेवला नाही. गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार काँग्रेसला (संसदेला) नाही, असे त्यांनी मार्च १८३६ च्या स्वतंत्र टेक्सासच्या राज्यघटनेत सरळ लिहून टाकले.

आपला,
एक इतिहासवाचक