साडेचार हजारांची चोरी किरकोळ कशी?

महोदय,

गेल्या महिन्यात माझं जुनं शिलाई मशीन चोरीला गेलं. पोलीस ठाण्यात विचारलं, किंमत किती? म्हटलं, साडेचार हजार. लगेच एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती हातात! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांचा तपास नाही. पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा. तिला माझा विरोध नाही, पोरासोरांना तुरुंगात कशाला डांबायचं? पण आधी चोर सापडायला हवा ना! त्याच मशीनवर ब्लाउज शिवून माझं घर चालायचं. आदेशासाठी कोर्टात खेटे घातले की मजुरी बुडते. या नोंदी दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या, असं कायद्यातच आहे. त्या वाचून तिथूनच तपासाचे आदेश निघावेत.

— शिवणकाम करणारी एक वाचक