मेस्त्रीकाका, आमच्या गणपतीच्या भिंतीबद्दल

मेस्त्रीकाकांना सप्रेम नमस्कार,

तुम्ही मोबाइल फक्त फोन घ्यायला वापरता हे ठाऊक आहे. तुमचा मुलगा वाचून दाखवीन म्हणालाय, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहिते. तसंही हे चारचौघांत सांगण्यासारखंच आहे, कारण कुडाळपासून वेंगुर्ल्यापर्यंत माझ्यासारखे चाकरमानी कमी नाहीत.

आमचं घर आजोबांच्या वेळचं. दीड फुटी चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. माजघरातल्या ज्या भिंतीपुढे गणपती बसतो ती भिंत दर वर्षी नव्याने रंगवायची, कमळं काढायची, मोर काढायचे. 2021च्या चतुर्थीला माटवी (गणपतीवरची लाकडी चौकट) बांधताना मी त्या भिंतीला हात लावला आणि मोराची अख्खी शेपटी पोपड्यासकट माझ्या हातात आली. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल, तिच्या काठाला मिठासारखा पांढरा लोणा, आणि घरभर कुबट वास. माझी काकी म्हणाली, घर जुनं झालं, माणसासारखंच.

पुढच्या मे महिन्यात आम्ही एकाला बोलावलं. त्याने अर्ध्या तासात भाव सांगितला, आतून सिमेंटचा गिलावा चढवला, वर वॉटरप्रूफ रंग मारला. 62 हजार रुपये गेले. जुलैत रंगाला फुगे आले. टाचणी लावली तर पाणी येत होतं. आणि ओल आता कमरेवरून खांद्यापर्यंत चढली होती.

तुम्ही आलात 2023च्या जुलैत, भर पावसात. मला वाटलं, अशा दिवसांत गवंडी काय करणार. तुम्ही थैली पडवीत ठेवलीत, छत्री घेतलीत आणि मागल्या दारी जाऊन उभे राहिलात. भिंतीकडे बघेचनात. मी विचारलं तर म्हणालात, "आधी पाणी खंय (कुठे) जाता तां बघूया, भितीचा मगे."

पाऊण तास घराभोवती फिरलात. मग पुढच्या अंगणात येऊन पेव्हर ब्लॉकवर पाय आपटून विचारलंत, "ह्यां खळां (अंगण) वर इलां काय घर खाली गेलां?"

ते ब्लॉक मी घातले होते, काका. 2019 साली, माझ्या बोनसच्या पैशांतून. गणपतीत पाहुण्यांचे पाय चिखलात नकोत म्हणून मातीचा भराव, त्यावर रेती, त्यावर ब्लॉक. फूटभर उंची वाढली आणि दीड फुटाचं जोतं तेवढं त्यात गाडलं गेलं. कडेची व्हाळी, म्हणजे पाणी वाहून जायची चारी, बुजली. उतार तर चक्क घराकडे. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वी पागोळ्या मातीत पडून व्हाळीने निघून जायच्या, आता त्या ब्लॉकवर पडून भिंतीवर उसळत होत्या आणि उरलेलं पाणी पायाशी मुरत होतं. चिऱ्याचा जांभा दगड तर सच्छिद्र. खालून पीत गेला. पूर्वी प्यायलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जायचं. आम्ही सिमेंट लावून ती वाटही बंद केली, मग ते वर चढणार नाही तर काय करणार?

हे सगळं तुम्ही मला दाखवलंत ते बोट दाखवून. माझी चूक आहे असं एकदाही म्हणाला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

काकीला मात्र खात्री होती की ही स्वयंपाकघरातली वाफ. तुम्ही वाद घातला नाहीत. खताच्या पिशवीचा प्लास्टिकचा वीतभर तुकडा कापलात आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून भिंतीला लावलात. वाफ असेल तर थेंब आपल्या बाजूला धरतील, ओल भिंतीतली असेल तर मागे. तिसऱ्या दिवशी काकीनेच फोन केला की थेंब मागे आलेत. न्हाणीघराकडच्या कोपऱ्याचं दुखणं निराळं निघालं. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीला कोळशाने रेघ मारायला लावलीत. सकाळी पाणी रेघेच्या चार बोटं खाली. भिंतीत पुरलेल्या पाइपचा सांधा गळत होता. तो प्लंबरने तासाभरात बदलला.

बाकी काम तुम्ही दिवाळीनंतर धरलंत. भिंतीलगतच्या ब्लॉकच्या तीन ओळी उखडल्या, जोतं मोकळं केलं, व्हाळी परत खणून तिला पाणंदीकडे उतार दिला. मग छिन्नीने सिमेंट काढलं. ते दोन दिवस मला बघवत नव्हतं, 62 हजार घमेल्यातून बाहेर जात होते. लोणा धुवायला मी बादली घेऊन आले तशी तुम्ही ओरडलात, "ह्यां मीठ! धुवशात तर परत भितुर जातलां." कोरड्या ब्रशने झाडायचं, खाली वर्तमानपत्र पसरायचं आणि ते मीठ घरापासून लांब टाकायचं. ते काम काकीने महिनोन्‌महिने केलं.

नवा गिलावा कधी, असं मी दर पंधरा दिवसांनी विचारत होते. पैसे तयार होते, तुमचंही काम झालं असतं. तुम्ही म्हणालात, "भित सुकांदे आधी. पैसे खंय पळतत?" दीड फुटी भिंत एका कोरड्या हंगामात सुकत नाही, दोन लागतील. म्हणून 2024चा गणपती उघड्या चिऱ्यांपुढे बसला. मुंबईहून आलेल्या नणंदेने नाक मुरडलं तर काकी म्हणाली, "गणपती काय भिती बघूक येता?"

2025च्या जानेवारीत परत तोच प्लास्टिकचा तुकडा. चार दिवस ठेवला, मागे एक थेंब नाही. तेव्हा कुठे तुम्ही पिंपात कळीचा चुना विरवायला घातलात. तो फसफसताना काकी लांबून हात जोडत होती! मार्चमध्ये चुना-रेतीचा गिलावा, दिवसातून तीनदा पाण्याचा शिपका, वर ओली गोणपाटं. शेवटी चुन्याचीच सफेदी. त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच आला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण भिंत कोरडी राहिली. ऑगस्टमध्ये तिच्यावर मोर काढला. शेपटी शाबूत आहे.

हिशेब करताना तुम्ही पावसात आलेल्या पहिल्या दिवसाची हजेरी धरली नव्हतीत. "त्या दिसा काम खंय केलंय?" म्हणालात. काका, त्याच दिवशी तर काम झालं. ते पैसे पाकिटात घालून काकीकडे ठेवलेत, नाही म्हणू नका.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात भाकरीएवढा एक डाग अजून आहे. काकीने त्याच्याभोवतीही कोळशाने रेघ मारली आहे. दसऱ्याला बघितलं तेव्हा ओल रेघेच्या दोन बोटं आत सरली होती. सवडीने एकदा येऊन बघून जा.

तुमची,
वरच्या वाडीतली चाकरमानीण