आरएक्स बघायला जाण्याआधी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

फोनवर बोलून माझं समाधान झालं नाही, म्हणून लिहायला बसलोय. तू पाठवलेले त्या जुन्या यामाहा आरएक्स १०० चे फोटो दुपारपासून चार वेळा बघितले. गाडी देखणी आहे. टाकी चकाचक, रिमा चकाचक, आणि त्या माणसाने सांगितलेला आकडा ऐकून मला घाम फुटला. उद्या टोकन द्यायला निघालोय म्हणालास. भावा, आठ दिवस थांब. हे पत्र वाचून झालं की मग काय करायचं ते कर.

आरएक्सचं वेड मला समजतं. शाळेच्या वाटेवर ती गाडी नुसती गेली तरी आपण दोघं मागे वळून उभे राहायचो. ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. त्या काळात एवढ्या हलक्या अंगात एवढा दम दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पण १९८५ ला आलेली गाडी १९९६ ला बंद झाली. मागणारे दरवर्षी वाढतात, गाड्या मात्र होत्या तेवढ्याच, त्यातल्याही निम्म्या भंगारात गेल्या असतील. मग गाड्या 'तयार' होतात. आरएक्सजी किंवा आरएक्स १३५ या तिच्याच भावंडांच्या सांगाड्यावर १०० चे स्टिकर, कुठला तरी ब्लॉक (म्हणजे इंजिनचा सिलेंडर), कुठली तरी टाकी. फोटोत यातलं काही कळत नाही. फोटोत फक्त रंग दिसतो, आणि रंगाने माणूस कसा फसतो ते मी स्वतः भोगलंय.

माझ्या जुन्या येझदी मोटारसायकलची पूर्ण गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आज सांगतो.

२०१९ च्या महापुरानंतर दीड वर्षाने कुरुंदवाडकडच्या एका गावात मला ती मिळाली, रोडकिंग मॉडेल. गोठ्यात उभी होती. भिंतीवर पुराच्या गाळाची जी रेघ होती, तीच रेघ सरळ पुढे येऊन टाकीच्या मधोमध उमटली होती. हॉर्न काढून उलटा केला तर आतून वाळलेल्या मातीची चकती पडली. मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांनी गाडीवरून वर्षानुवर्षं दुधाचे कॅन वाहिलेले, त्यामुळे मागच्या मडगार्डला दोन्ही बाजूंनी एकसारखे पोचे पडले होते. अठरा हजारात सौदा ठरला. आरसी बुक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेलं, ते कोरडं राहिलं होतं. टेम्पोत घालून गाडी घरी आणली तेव्हा माझ्याएवढा आनंदी माणूस कोल्हापुरात नव्हता.

आणि मी काय केलं? आधी रंग केला. टाकी, साईड पॅनल, मडगार्ड खरवडून प्रायमर, पुट्टी, मरून रंग. दोन्ही सायलेन्सर आणि हँडलला निकेल-क्रोम. चौदा हजार त्यात गेले. इंजिनचा फक्त ब्लॉक उचलला, नवीन रिंगा टाकल्या, कार्बन काढला, कार्ब्युरेटर धुतला. खालची क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची पेटी, उघडलीच नाही, कारण पैसे संपले होते आणि दोन किकमध्ये गाडी चालूही झाली होती. येझदीचा तो गिअरचाच दांडा आत दाबून वर उचलायचा आणि त्याच्यानेच किक मारायची, ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मला वाटलं झालं काम.

तिसऱ्या रविवारी पन्हाळ्याला निघालो. वाघबीळचा चढ अर्धा गेला असेल, आवाज अचानक कोरडा झाला, गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी ओढायला लागली आणि मागचं चाक एकदम जाम. क्लच दाबायचं सुचलं म्हणून पडलो नाही. मागून एसटी येत होती. ती बाजूने निघून गेली तेव्हाचा वारा मला अजून आठवतो. रस्त्याच्या कडेला बसून इंजिन गार व्हायची वाट बघत होतो. नव्या मरून टाकीवर ऊन चमकत होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ब्लॉक उघडला तर पिस्टन एका अंगाने खरवडून निघालेला, बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, उभ्या रेघा. कारण सापडलं क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, उजव्या सीलमध्ये. पुराच्या पाण्याने आणि वयाने ते रबर दगड झालं होतं, ओठ फाटलेला.

आता हे नीट वाच, कारण तुझ्या आरएक्सलाही हेच लागू आहे. टू-स्ट्रोकला डोक्यावर व्हॉल्व्ह नाहीत. खालची क्रँककेसच पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की ती पेट्रोल आणि हवा ओढून घेते, पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून पोर्टमधून वर ढकलते. म्हणजे ती पेटी हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन टोकांना जी दोन ऑइल सील असतात, ती गेली की पेटी गळकी होते. कॉइलच्या बाजूचं सील गेलं तर तिथून फुकटची हवा आत येते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि पेट्रोलाबरोबर येणारं ऑइलही कमी पडतं. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि पकडतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर तिकडचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर टाकत राहते. पाचशे रुपयांच्या आतली दोन सील. ती बदलायला इंजिनचं खालचं अंग उघडावं लागतं, म्हणून माझ्यासारखा माणूस ते पुढे ढकलतो आणि त्या पैशाचा रंग मारतो.

दुसऱ्या वेळी मी इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. तू म्हणशील तुझं कारखान्यातलं रोजचंच काम, तुला काय नवीन. पण क्रँक प्रेस करणं वेगळं. एका बोळात लेथवर बसणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. कनेक्टिंग रॉडमध्ये झोल होता, बेअरिंगवर गंजाचे खड्डे होते. त्यांनी जुनी पिन प्रेसवर काढली, नवीन रॉड आणि पिन बसवली आणि क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल लावला. डायलची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पहिल्या फेरीला काटा अठरा रेघा हलला. त्यांनी क्रँकचं चाक हाताने सावकाश फिरवलं, जिथे काटा सगळ्यात वर गेला तिथे खडूने खूण केली, क्रँक हातात घेतला आणि तांब्याच्या हातोडीने एक ठोका दिला. परत सेंटरमध्ये. अकरा. परत खडू, परत ठोका. पाच. मला वाटलं झालं, मी पैसे काढले. ते म्हणाले, "असली बी फिरंल गाडी, पण हाताला मुंग्या येतील." चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. शेवटी काटा अडीच रेघांवर थांबला, तेव्हा त्यांनी क्रँक कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. माझ्या गाडीवर आजपर्यंत झालेल्या कामातलं सगळ्यात सुंदर काम ते आहे, आणि ते कुणालाच कधी दिसत नाही.

रॉड किट, प्रेसिंग, बेअरिंग, सील, बोअरिंग, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन, सगळं धरून नऊ हजारात झालं. हेच आधी केलं असतं तर पिस्टनही वाचला असता आणि मी वाघबिळाच्या कडेला बसलो नसतो.

बोअरिंगचं एक सांगतो, पुण्यात करून घेशील तेव्हा समोर उभा राहा. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या हाताने मोडून गुळगुळीत करायला लागतात, नाहीतर रिंग त्या कडेला अडकून तुटते. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगेचं तोंड खाचेतल्या छोट्या पिनेवर बसतंय का ते बोटाने चाचपून बघ. घाईत हे चुकलं तर सगळं परत उघडावं लागतं.

आता तुझी आरएक्स. सकाळी लवकर जा, न सांगता लवकर. पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकला हात लाव. गरम लागला तर तू यायच्या आधी त्यांनी गाडी चालू करून ठेवलीय, परत येतो म्हणून सांग. थंड असेल तर किक पायाने न मारता हाताने सावकाश दाब. दाब चांगला असेल तर ती हाताला अडते, मऊसूत खाली जात नाही. चालू झाली की पूर्ण गरम होऊ दे, एकदा रेस देऊन सोड. आवाज लगेच खाली बसला पाहिजे. रेस वरच लटकून राहिली आणि हळूहळू उतरली तर कुठून तरी हवा ओढतेय. थंडीत थोडा धूर सगळ्याच टाकतात, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि जळक्या गिअर ऑइलचा वास असेल, तर क्लचकडचं सील. मग गाडी बंद कर, प्लग काढ, मॅग्नेटचं कव्हर उघडू देत असतील तर मॅग्नेट हाताने किंचित मागे-पुढे हलव. पिस्टन हलायच्या आधी हाताला मोकळा झोल लागला की रॉड गेला समज. उघडू देत नसतील तर त्यातूनच काय ते ओळख.

सायलेन्सर कापलेला किंवा आतून पोकळ केलेला असेल तर तेवढे पैसे कमी कर. लोकांना वाटतं तो नुसता आवाज कमी करायला असतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर इंजिनचाच भाग आहे. त्याच्या आतल्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद जाते.

आणि कागद. इंजिनच्या आधी कागद. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घास, आकडे एका उंचीचे, एका खोलीचे उमटले पाहिजेत. आजूबाजूला घासल्याची, रंग जाड बसल्याची खूण दिसली तर तिथूनच परत ये. आरसीची मुदत बघ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा. जुनं पुस्तकी आरसी असेल तर गाडीची नोंद ऑनलाइन दिसते का ते आधी तपास, नाहीतर हेलपाटे ठरलेले. माझ्या येझदीला मला चार महिने लागले. एकदा कागद कमी, एकदा साहेब नाहीत, एकदा सही जुळत नाही. त्यात मालक वयस्कर, प्रत्येक वेळी त्यांना कुरुंदवाडहून आणायचं, त्याचं मला फार वाईट वाटायचं. तुझा विकणारा म्हणतोय गाडी वडिलांच्या नावावर आहे. वडील हयात असतील तर नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांचीच सही पाहिजे. नसतील तर आधी वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म ३१. "नंतर करून देतो" यावर एक रुपयासुद्धा देऊ नकोस.

खरं सांगू का, तुला टू-स्ट्रोक पाहिजे की नाव पाहिजे? टू-स्ट्रोक पाहिजे असेल तर सुझुकीची मॅक्स १०० बघ, सामुराई बघ. आपल्याकडे खेड्यापाड्यात कडब्याआड उभ्या असतात. त्यांच्या मागे अजून कुणी लागलेलं नाही, म्हणून किंमत माणसात आहे. राजदूतही आहे, १७३ सीसी, संथ, पण एवढी साधी की पाना-पकड घेऊन तू अंगणात उघडशील. आणि उरलेल्या पैशात खालचं अंग नवीन होतं. येझदी घेणार असशील तर एवढं लक्षात ठेव, २०२२ ला त्या नावाने परत आलेल्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचा एकही सुटा भाग जुनीला लागत नाही.

चालवण्याबद्दल थोडं. मी पेट्रोलच्या लिटरला ३० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घालतो, नव्या पिस्टनला पहिले पाचशे किलोमीटर ४०. मापाने, अंदाजाने नाही. आरएक्सला ऑइलचा पंप वेगळा असतो, पण बऱ्याच गाड्यांचा तो बंद करून ठेवलेला असतो. विकणाऱ्याला नक्की विचार, नाहीतर नुसतं पेट्रोल भरून निघशील आणि पहिल्याच चढाला घात होईल. आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते पाणी धरतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा कर. आणि घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून लांबवर गाडी इंजिनवर सोडू नकोस. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. मी गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मधेमधे क्लच दाबून थोडी रेस देतो, मगच जिवाला बरं वाटतं.

पुढच्या शनिवारी इकडे ये. शिरोळ तालुक्यात एका ओळखीच्याच्या गोठ्यात मॅक्स उभी आहे म्हणून ऐकलंय, कागद आहेत म्हणतात, आपण दोघं जाऊन बघू. सकाळी आधी उद्यमनगरात मिसळ खाऊ आणि त्या मिस्त्रींना भेटू, तुला तो डायलचा काटा दाखवायचाच आहे. येताना पुण्याहून माझ्यासाठी येझदीचा पॉइंट सेट आणि कंडेन्सर आण, इथे मिळालेला पंधरा दिवसांत गेला. पैसे आल्यावर देतो. आणि उद्याचं टोकन देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच