मोज्यातल्या ओंब्या आणि पाच बीजाणू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण ज्या बियाणेवेड्या गृहस्थांवर अर्धे पान खर्च केले, त्यांच्या उत्साहाविषयी माझी काहीच तक्रार नाही. परदेशातल्या एका शेतातून गव्हाच्या सात ओंब्या मोज्यात दडवून त्यांनी विमानतळावरची तपासणी कशी चुकवली, तो प्रसंग आपल्या प्रतिनिधीने ज्या कौतुकाने रंगवला आहे आणि खालच्या चौकटीला 'मूठभर बियाण्यासाठी वर्षभर क्वारंटाइन' असा जो मथळा दिला आहे, त्याविषयी मात्र आहे. पत्र त्याच दिवशी लिहायला घेतले होते; पण रागात लिहिलेले छापण्याजोगे उरत नाही, हा अनुभव असल्यामुळे एक दिवस थांबलो. राग फारसा उतरलेला नाही, हे पुढे दिसेलच.

मी एका बीजआरोग्य प्रयोगशाळेत २७ वर्षे तंत्र साहाय्यक होतो. तिचे नाव येथे सांगण्याची गरज नाही. देशाबाहेर जाणारे आणि बाहेरून येणारे संशोधनाचे बियाणे, म्हणजे गहू, ज्वारी, बाजरी, आमच्या टेबलावरून पुढे जात असे. आपल्या चौकटीत 'दिसायला ठणठणीत असलेले बियाणे उगाच अडकवून ठेवतात' असे एक वाक्य आहे, आणि त्यातल्या 'दिसायला' या शब्दातच सगळी गोम आहे. गव्हावरच्या काणीची बुरशी दाण्याच्या गर्भात निपचित पडून असते. दाणा टपोरा दिसतो, उगवणही चांगली होते, आणि पीक निसवेपर्यंत कोणाला काही कळत नाही. मग ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी निघते. असा दाणा ओळखायचा, तर त्याचा गर्भ सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, नाहीतर नमुना विलगीकरणाच्या वाफ्यात पेरून ओंबीची वाट पाहायची. गहू कोणाच्या सोयीने लवकर निसवत नाही. आपल्या प्रतिनिधीने जिला लाल फीत म्हटले आहे, ती एका हंगामाची लांबी आहे.

या निमित्ताने एक जुना प्रसंग सांगतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात आफ्रिकेतल्या एका देशाकडे चाचणीसाठी गव्हाच्या वाणांची ३०० हून अधिक पाकिटे जायची होती. बियाणे उत्तर भारतातल्या शेतांत वाढवलेले होते आणि घेणाऱ्या देशाने ठळक अक्षरांत एकच अट घातली होती, की त्यात कर्नाल बंट नको. हा बुरशीचा रोग १९३१ साली आजच्या हरियाणातल्या कर्नालच्या गव्हावर प्रथम नोंदला गेला आणि तेव्हापासून त्या गावाचे नाव जगभरच्या निषिद्ध रोगांच्या याद्यांत छापले जाते. गावकऱ्यांना त्याचे काय वाटते, ते कधी कोणी विचारलेले नाही. रोग तसा बेताचा. ओंबीतले थोडेच दाणे बिघडतात, आणि त्यांचाही बहुधा काही भागच काळा पडतो. पण त्या दाण्यांचे प्रमाण वाढले की पिठाला मासळीचा वास येतो, आणि एकदा जमिनीत शिरलेले बीजाणू तेथे अनेक वर्षे जिवंत राहतात. मळणीत ही काळी पूड शेजारच्या निरोगी दाण्यांना चिकटत असल्यामुळे नुसते निवडून भागत नाही, दाणे धुऊनच पाहावे लागतात. ५० ग्रॅम दाणे साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात खळखळून हलवायचे, ते पाणी आधी ५३ मायक्रॉनच्या आणि मग २० मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचे. पहिल्या चाळणीवर कचरा राहतो, दुसरीवर बीजाणू अडकतात. तेथे जे अडकेल, ते थेंबाथेंबाने काचपट्टीवर घेऊन, मान मोडेपर्यंत पाहायचे.

त्या दिवशी पहिल्या दोन नमुन्यांत काही नव्हते. तिसऱ्यात पाच बीजाणू सापडले, गडद तपकिरी, गोल, जाड कवचाचे. भातावरच्या एका बुरशीचे बीजाणू जवळपास असेच दिसतात आणि नवख्याला चकवतात, म्हणून मी माझ्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या सहकाऱ्यांना बोलावले. त्यांनी बराच वेळ पाहून फक्त मान हलवली. मी पाकिटे रोखण्याची नोंद केली. तासाभरात ज्यांचे ते वाण होते ते शास्त्रज्ञ आमच्या खोलीत आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "पाच बीजाणूंसाठी तुम्ही माझी पाच वर्षे अडवता?" त्यांचा संताप मला समजत होता. तिकडची पेरणीची वेळ हुकणार होती, खोकी बांधून तयार होती, आणि गुन्हेगार इतका बारीक होता की साहेबांना तो डोळ्यांनी दाखवता येत नव्हता. पाकिटे गेली नाहीत. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा आला आणि हाताशी आलेली बढती तीन वर्षे लांबली. निवृत्तीच्या समारंभातही माझा उल्लेख 'आमचे पाच बीजाणूवाले' असाच झाला. सगळे हसले, मीही हसलो. पण न गेलेल्या पाकिटांमुळे न पसरलेल्या रोगाबद्दल कोणी शाल-श्रीफळ देत नाही, आणि मोज्यात ओंब्या आणणाऱ्यावर अर्धे पान येते, हे त्या रविवारी चहा घेताना फार झोंबले.

हा एका हेकट साहाय्यकाचा अतिरेक होता असे कोणाला वाटत असेल, तर मेक्सिकोतली सिमिट ही गहू-मक्याची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था याच रोगापायी काय करते ते पाहावे. जेथे हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ डॉ. बोरलॉग यांनी बुटके गहू वाढवले आणि जेथली सोनोरा-६४ सारखी वाणे पुढे आपल्या शेतांत आली, त्या सोनोरा प्रांतातच १९७० च्या दशकात कर्नाल बंट आढळला आणि १९८३ साली अमेरिकेने तिकडच्या गव्हावर निर्बंध घातले. मग देशोदेशी पाठवायचे गव्हाचे बियाणे सिमिटने दूर मेक्सिकालीच्या वाळवंटी, रोगमुक्त भागात वाढवायला घेतले. जगभर पाठवल्या जाणाऱ्या मूठमूठभर पाकिटांसाठी शेतच हलवले, आणि त्याला तेथे कोणी नोकरशाही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. एवढी काळजी घेणाऱ्या अमेरिकेच्या अॅरिझोनात १९९६ साली हा रोग निघालाच, ही गोष्ट वेगळी.

कर्नाल बंट निदान पीक तरी हाती लागू देतो. २०१६ साली बांगलादेशात गव्हावर करपा पडला, तेव्हा सुमारे १५ हजार हेक्टरवर ओंब्या दाणे भरण्याआधीच पांढऱ्या पडल्या. हा रोग त्याआधी दक्षिण अमेरिकेपुरता होता, तेथे तो १९८५ साली ब्राझीलमध्ये प्रथम दिसला होता, आणि जनुकीय तपासणीत बांगलादेशातल्या बुरशीचे नाते तिकडच्याच बुरशीशी जुळले. दोन खंडांमधले ते अंतर तिने वाऱ्यावर तरंगत कापले, असे मानायला मी तरी तयार नाही. आपल्या पश्चिम बंगालला त्यानंतर नादिया आणि मुर्शिदाबाद या सीमेलगतच्या जिल्ह्यांत गव्हाच्या पेरणीवरच बंदी घालावी लागली. ज्वारीच्या कणसावर पडणाऱ्या चिकट्याची (अरगट या बुरशीच्या रोगाची) कथाही तशीच आहे. आफ्रिकेतला तो चिकटा १९९५ साली ब्राझीलमध्ये, १९९६ साली ऑस्ट्रेलियात आणि १९९७ साली अमेरिकेत पोहोचला.

ज्याला बाहेरचे बियाणे खरोखर अभ्यासासाठी हवे आहे, त्याला रस्ता बंद नाही. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा परवाना घ्यावा, पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र जोडावे आणि तपासणी होईपर्यंत थांबावे. केंद्र सरकारच्या वनस्पती विलगीकरणाविषयीच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे विनापरवाना बियाणे आणणे हा नियमभंग आहे, एवढे एक वाक्य त्या अर्ध्या पानात कोठेही मावले नाही. माझ्याच घरात एकदा मेहुण्यांनी परदेशातून ज्वारीची दोन डौलदार कणसे टॉवेलच्या घडीत आणली होती. मी ती सर्वांदेखत न्हाणीघरातल्या बंबात घातली. मेहुणे त्यानंतर दोन भाऊबिजांना आले नाहीत, आणि सौभाग्यवतींनी त्याचा हिशेब अजून मिटवलेला नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. गेल्या खरिपात आपण पहिल्या पानावर 'निसर्गाची किमया : बाजरीच्या कणसाला फुटली पाने' अशा मथळ्याखाली एक मोठे रंगीत छायाचित्र छापले होते. ती किमया नव्हती, तो बाजरीवरचा गोसावी रोग होता. बाजरी पिकवणारा कोणताही शेतकरी ते बातमीदाराला सांगू शकला असता. दाण्यांच्या जागी पाने फुटलेले असे झाड दिसताच उपटून जाळायचे असते, कारण त्याच्या वाळलेल्या पानांतले बीजाणू जमिनीत मिसळून पुढच्या पिकाला लागतात. आपल्या छायाचित्रात मात्र ते कणीस दारावर तोरणासारखे टांगलेले होते आणि दहा-बारा माणसे ते हात लावून पाहत होती. मी तेव्हाही पत्र पाठवले होते. ते छापून आले नाही. किमयेला मात्र दुसऱ्या दिवशी वाचकांच्या अभिनंदनाची चौकट मिळाली.

ते तोरण अजून तेथे असेल, तर कृपया उतरवून जाळण्यास सांगावे. आणि मोज्यातल्या त्या सात ओंब्या पुढे कोणत्या शेतात पेरल्या, हे लेखात आलेले नाही. आपल्या प्रतिनिधीने त्या गृहस्थांना एवढे विचारून जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्यांना कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त तंत्र साहाय्यक,
संगमनेर