दाते आम्ही आणले, मग रक्त का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयशस्त्रक्रियेची तारीख मिळाली की आपल्या मराठवाड्यात नातेवाइकांची पहिली धावपळ होते ती रक्तदात्यांसाठी. गेल्या वर्षी थोरल्या भावाच्या बायपासच्या वेळी आम्हीही परभणीहून जीप भरून गावातली तरुण पोरे छत्रपती संभाजीनगरला नेली आणि तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.४ असूनही रक्त चढवत नाहीत, म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घातली. दाते आम्ही आणले, मग रक्त का नाही, असा आमचा सवाल होता. तो चुकीचा होता, हे पुढे कळले; कारण रक्त चढवल्याने शस्त्रक्रियेनंतर संसर्गाचा धोका वाढू शकतो.

संसर्ग म्हटले की आपल्याला एचआयव्ही किंवा कावीळ आठवते. पण त्यांच्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतातच. येथे प्रश्न आहे तो छातीच्या जखमेत पू होण्याचा आणि न्यूमोनियाचा. परक्या रक्तामुळे, विशेषतः त्यातील पांढऱ्या पेशींमुळे, रुग्णाची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते, असे मानले जाते. अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ हजार रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात तांबड्या पेशींच्या दर पिशवीमागे गंभीर संसर्गाचा धोका २९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अर्थात, ज्याची प्रकृती नाजूक त्यालाच रक्त अधिक लागते, त्यामुळे सारा दोष पिशवीच्या माथी मारता येत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधील चाचणीत रक्त हात राखून दिल्याने संसर्ग घटला नाही, उलट मृत्यू किंचित अधिक आढळले; तर २०१७ मध्ये १९ देशांतील ५ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली जाईपर्यंत थांबल्याने मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात वाढले नाहीत. म्हणूनच हा निर्णय रुग्ण पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. तो नातेवाइकांच्या आग्रहाने होऊ नये.

माझी तक्रार वेगळीच आहे. तारखेची वाट पाहण्यात आमचे दोन महिने गेले. पहिल्याच अहवालात हिमोग्लोबिन ९.८ होते, तरी ते कमी का, लोह कमी आहे का, हे कोणी तपासले नाही. फक्त ‘चार दाते तयार ठेवा’ एवढेच सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. उद्या त्यांच्यातील कोणाला झडपेची शस्त्रक्रिया करावी लागली, तर तिलाही असेच दात्यांवर सोडणार काय? तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ठरताच लोहाची तपासणी आणि गरजेप्रमाणे गोळ्या किंवा इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयातच मिळावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, परभणी